टेलिकॉमची पदवी हवी? मग अकरावीचे गणित सोडू नका

रस्त्याच्या कडेने चर खणून त्यात नळी पुरत जाणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्या नळीत केसाएवढी बारीक काचेची तार असते आणि त्या तारेतून उजेडाच्या रूपाने आपले बोलणे, बाजारभाव आणि सातबाराचा उतारा धावत असतो. ग्रामपंचायतींपर्यंत अशी तार नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. चर खणायला आपल्या गावची माणसे होती. पण तार कुठून न्यायची, किती अंतरावर काय बसवायचे, बिघाड झाला तर तो कुठे शोधायचा, हे ठरवणारा साहेब बहुधा शहरातून आला होता.

तो साहेब आपल्या गावचा का असू नये? आपल्या पोरांत डोके नाही असे मुळीच नाही. बंद पडलेला मोटारीचा स्टार्टर आणि घरातला मोबाइल खोलून पुन्हा जोडणारी पोरे प्रत्येक वाडीत आहेत. अडते ते दुसरीकडेच. दूरसंचार आणि संगणक जाळे म्हणजे नेटवर्किंग या विषयाची पदवी घ्यायची तर काय लागते, हे घरात कुणाला वेळेवर माहीत नसते. बारावीचा निकाल लागल्यावर चौकशी सुरू होते आणि तोवर दार बंद झालेले असते. म्हणूनच हा लेख दहावीत आणि अकरावीत मुले असणाऱ्या पालकांनी नीट वाचावा, आणि गावच्या तलाठी, ग्रामसेवक, सरपंच मंडळींनीही वाचावा. त्यांचा यात फार मोठा वाटा आहे. कसा, ते पुढे येईलच.

एका पोराची गोष्ट

आमच्या पाहण्यातली गोष्ट आहे. नाव-गाव सांगत नाही. कांदा आणि थोडा ऊस पिकवणारे घर. पोरगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला. तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेला घातला. तिथे कुणीतरी सल्ला दिला, "गणित अवघड जातं, टक्के पडतात. गणित सोड, जीवशास्त्र ठेव." पोराने ऐकले. बापाला वाटले, सायन्सला आहे म्हणजे इंजिनिअरिंगला जाता येईलच. बारावीला गुण उत्तम पडले, पेढे वाटले. मग अर्ज भरायला तालुक्याच्या केंद्रावर गेले, तर समोरच्या मुलीने गुणपत्रिका बघितली आणि विचारले, "काका, गणित कुठंय?"

बापाजवळ पैसे होते, पोराजवळ टक्के होते आणि डोकेही होते. नव्हता तो एक विषय. बारावी झाल्यावर तुरळक विषय म्हणून गणिताची परीक्षा मंडळाकडे देता येते, पण त्यात वर्ष जाते आणि वर्गात बसून शिकलेले नसते, ते वेगळेच. हे घर त्या वर्षी गप्प झाले. अशी घरे दर जूनमध्ये प्रत्येक तालुक्यात सापडतील. म्हणून सर्वात आधी एवढेच मनात धरा: या पदवीची पहिली अट बारावीनंतर नव्हे, दहावीनंतर लगेच लागू होते.

शाखेचे नाव कोणते?

"नेटवर्किंगची डिग्री" म्हणून शोधायला गेलात तर गोंधळाल. पदवीच्या पातळीवर या नावाची स्वतंत्र शाखा क्वचितच असते. हा विषय तीन-चार शाखांत वाटलेला आहे. टॉवर, अँटेना, काचेची तार, उपग्रह यांकडे ओढा असेल तर इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, म्हणजे बोलीभाषेतले "ई अँड टीसी". संगणक एकमेकांना जोडणे, सर्व्हर सांभाळणे, प्रोग्रॅम लिहिणे याकडे कल असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग किंवा माहिती तंत्रज्ञान. कॉम्प्युटर नेटवर्क हा विषय या सगळ्या शाखांत शिकवतात. पदवीनंतर दोन वर्षांच्या एमटेकला मात्र नेटवर्क, दळणवळण असे खास विषय घेता येतात, आणि त्यासाठी गेट नावाची देशपातळीवरची परीक्षा असते.

अभियांत्रिकी सोडूनही वाट आहे. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीएस्सी आयटी आणि बीसीए हे पदवीचे अभ्यासक्रम आहेत. खर्च बहुधा कमी येतो. पण बीएस्सीच्या या अभ्यासक्रमांनाही बहुतेक ठिकाणी बारावीचे गणित मागतात, आणि बीसीएसाठी २०२४ पासून राज्यात वेगळी सीईटी सुरू झाली आहे. गणितापासून पळून कुठे फार लांब जाता येत नाही, हे ध्यानात येईल.

दाराशी काय मागतात

आता चार वर्षांच्या बीई किंवा बीटेकची अट बघू. बारावी पास असावे. भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय असलेच पाहिजेत. तिसरा विषय रसायनशास्त्र, किंवा जीवशास्त्र, संगणकशास्त्र, तांत्रिक अथवा व्यवसाय विषय अशा ठरलेल्या यादीतला एक चालतो. या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल व दिव्यांग उमेदवारांना किमान ४० टक्के गुण हवेत. शिवाय राज्याची एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा दिलेली असावी आणि तीत शून्य नसावे.

४५ टक्के म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण ही केवळ अर्ज करण्याची पात्रता झाली. जागा कुणाला, कुठल्या कॉलेजात, हे सीईटीच्या गुणांवर ठरते.

सीईटीचा पेपर २०० गुणांचा. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५०, प्रत्येकी एक गुण. गणिताचेही प्रश्न ५०च, पण प्रत्येकाला दोन गुण. म्हणजे निम्मा पेपर एकट्या गणिताचा! चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमावर साधारण ८० टक्के आणि अकरावीच्या अभ्यासक्रमावर २० टक्के भर देऊन काढतात. म्हणून अकरावी हे आरामाचे वर्ष नव्हे. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक सूचना. भौतिक आणि रसायनचे प्रश्न मराठीतून मिळण्याची सोय आहे, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. तेव्हा अकरावीपासूनच गणिताचे इंग्रजी शब्द तोंडात बसवावेत.

निकाल टक्क्यांत येत नाही, पर्सेंटाइलमध्ये येतो. त्यावरून घरोघर गोंधळ होतो. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या शंभर गाड्या लागल्या आहेत असे समजा. तुमच्या गाडीचा भाव नव्वद गाड्यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्यापेक्षा वर असेल, तर तुमचे पर्सेंटाइल नव्वद. भाव किती रुपये लागला हे त्यातून कळत नाही, रांगेत आपण कुठे आहोत ते कळते. पोराला ८० पर्सेंटाइल आले म्हणजे २०० पैकी १६० गुण पडले, असे समजू नका.

पुढे सामायिक प्रवेश फेऱ्या सुरू होतात. संगणकावर कॉलेजांची नावे पसंतीक्रमाने भरायची असतात. इथे एकच सांगणे: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून पहिले नाव टाकू नका. मुंबईचे व्हीजेटीआय, पुण्याचे सीओईपी ही जुनी नावे सर्वांना ठाऊक असतात. पण कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर इथली शासकीय महाविद्यालये, नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी आणि सांगलीचे वालचंद याही मोठ्या संस्था आहेत. घराजवळच्या नामांकित कॉलेजात शिकलेला पोरगा शनिवारी घरी येऊन शेताला पाणीही देऊ शकतो, याचाही विचार करावा.

दहावीनंतरची दुसरी वाट

समजा पोराला अकरावी-बारावी नकोच आहे, हाताने काम करायची आवड आहे. मग तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा घ्यावा. दहावीला किमान ३५ टक्के गुण असले की अर्ज करता येतो, प्रवेश गुणवत्तेवर होतो, सीईटी नसते. डिप्लोमा ४५ टक्क्यांनी, राखीव वर्गात ४० टक्क्यांनी पास झाला, की डिप्लोमाच्या गुणांवर थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथेही सीईटी नाही. दहावीनंतर एकूण सहा वर्षांत पदवी, म्हणजे बारावीच्या वाटेइतकीच वर्षे. वर हातात दोन कागद, एक डिप्लोम्याचा आणि एक पदवीचा.

आयटीआयवाल्यांचीही वाट बंद नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड, जसे इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, पूर्ण केला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथून पुढे पदवी. मात्र ट्रेड दोन वर्षांचा हवा. संगणकाचा एक वर्षाचा ट्रेड करून ही सवलत मिळेल असे धरून चालू नये.

या वाटेवर एक खड्डा आहे, तो मोकळेपणाने सांगितला पाहिजे. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या पोराचे पदवीच्या पहिल्या वर्षातले गणित झालेले नसते आणि तिसऱ्या सत्राचे गणित एकदम अंगावर येते. डिप्लोमाला ८५ टक्के मिळवलेली पोरे इथे गणितात अडकतात. उन्हाळ्याच्या सुटीत पहिल्या वर्षाचे गणित आधीच करून ठेवले तर हा खड्डा ओलांडता येतो.

आत गेल्यावर काय शिकायचे?

प्रवेश मिळाला म्हणजे पदवी मिळाली, असे नाही. पदवीच्या चार वर्षांत ठराविक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमवावे लागतात. एआयसीटीई या केंद्रीय संस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या नमुना अभ्यासक्रमात ही संख्या १६० आहे. आठवड्याला एक तास तास घेतला जाणाऱ्या विषयाला सत्राचा एक श्रेयांक, आणि एक तास प्रात्यक्षिकाला अर्धा, असा हिशेब. पहिले वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखे: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, विजेची मूलतत्त्वे, आलेखन, प्रोग्रॅमिंग, इंग्रजी, कार्यशाळा. खरी शाखा दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. शेवटी एक प्रकल्प आणि मध्ये कंपनीतला अनुभव हेही अभ्यासक्रमाचाच भाग आहेत.

"पण मोबाइलच्या कामाला एवढं गणित कशाला?" हा प्रश्न पोरेही विचारतात आणि पालकही. त्याचे उत्तर आपल्याच शिवारात आहे.

पाटाचे पाणी बघा. पाट एक, शेतकरी अनेक. पाटकरी काय करतो? पाळी बांधून देतो. तुझे दोन तास, मग त्याचे दोन तास. एका तारेवरून अनेकांचे बोलणे नेताना अभियंता अगदी हेच करतो. फक्त त्याची पाळी तासांची नसते. तो एका सेकंदाचे ८,००० भाग करतो आणि प्रत्येक भागात ३२ पाळ्या लावतो. त्यातल्या ३० बोलण्याला आणि दोन व्यवस्थेला. तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजून, आकड्यांत घालून, आपल्या पाळीला पुढे जातो. आवाज किती वेळा मोजला म्हणजे पलीकडे तो ओळखू येईल, हे ठरवते ते गणित.

आता उजेडाची तार. काचेतून उजेड बाहेर न सांडता पुढे जातो तो पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे, म्हणजे भौतिकशास्त्रामुळे. पण वाटेत तो थोडा थोडा जिरतोच, जसे मातीच्या चारीत पाणी मुरते. चांगल्या तारेत दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल इतका तो घटतो. डेसिबल हा लॉगरिदमचा हिशेब आहे. त्या हिशेबाने १५ किलोमीटरवर उजेड निम्मा उरतो, ३० किलोमीटरवर पाव. म्हणून ठराविक अंतरावर त्याला बळ द्यावे लागते. ज्या पोराने अकरावीत लॉगरिदम "ऑप्शनला टाकले", त्याला हे अंतर काढता येणार नाही.

तिसरे उदाहरण गट नंबरचे. एका गटाचे पोटहिस्से पाडतो, तसेच संगणकाच्या जाळ्यातल्या पत्त्यांचेही हिस्से पाडतात. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ अंकी असतो आणि अंक दोनच, शून्य आणि एक. शेवटचे आठ अंक एका कार्यालयाला दिले तर त्याच्या वाट्याला २५६ पत्ते येतात. मोजणी चुकली की जसे बांधावरून भांडण होते, तसे पत्त्यांची मोजणी चुकली की अख्ख्या कार्यालयाचे जाळे बंद पडते.

आणि टॉवर? गावच्या जत्रेला फोन लागत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. एका वेळी किती जण बोलतील आणि त्यांना किती वाटा लागतील, याचा हिशेब संभाव्यतेचा आहे. डेन्मार्कचे गणिती एर्लांग यांनी टेलिफोनच्या बाबतीत तो १९०९ मध्ये मांडला. फोनच्या गर्दीचे माप आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

हे सगळे लांब कुठेतरी घडते असेही नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. तिथून जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे, द्राक्षे आणि टोमॅटोच्या शिवारात. त्या अँटेनांनी टिपलेले संदेश मुख्य केंद्रापर्यंत काचेच्या तारेनेच येतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरवण्याची प्रथा आहे. नववी-दहावीची मुले एकदा तिथे नेऊन दाखवा. गणित का करायचे, हे सांगत बसावे लागणार नाही.

कागदपत्रे: खरी अडचण इथे

आता तलाठी भाऊसाहेब, ज्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, आपल्याशी बोलायचे आहे. पोराला गुण आहेत, विषय आहेत, आणि एका दाखल्यावाचून जागा गेली, असे प्रसंग दरवर्षी घडतात. प्रवेशाचे वेळापत्रक कुणासाठी थांबत नाही.

लागणारे कागद असे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला. राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. राखीव वर्गासाठी जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र. ओबीसी, भटके-विमुक्त इत्यादींना नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र, आणि तेही प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत मुदतीचे. मागल्या वर्षीचा कागद चालेल या भ्रमात राहू नये. आर्थिक दुर्बलांना त्यांचे प्रमाणपत्र. फी सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ज्याची सुरुवात तलाठ्याच्या अहवालापासून होते.

सर्वांत जास्त वेळ खातो तो जात वैधतेचा कागद. जिल्हा समितीपुढे जुने पुरावे द्यावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचे, ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचे. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. हे पुरावे कुठे मिळतात? आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत म्हणजे कोतवाल बुकात, जुन्या फेरफारात. ही कपाटे गावात आणि तालुक्यात आहेत आणि त्यांच्या किल्ल्या आपल्याजवळ आहेत. मोडी लिपीतली नोंद वाचून घ्यायलाही दिवस लागतात. म्हणून हा अर्ज अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत करावा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. घरात वडील, काका किंवा सख्ख्या भावाबहिणीची वैधता झाली असेल तर ती प्रत अवश्य जोडावी.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ओबीसींच्या नॉन-क्रिमिलेअरची मर्यादा आठ लाखांची आहे, पण ती मोजताना शेतीचे उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. केवळ "ऊस चांगला झाला" म्हणून कुणी अर्जच करत नसेल, तर ते नुकसान आपले आपणच करून घेतो.

जमीन विकू नका, आधी हे बघा

"इंजिनिअरिंग म्हणजे एकर विकावा लागतो," ही भीती गावोगाव आहे. विकण्याआधी चार गोष्टी तपासा.

एक, शिक्षण शुल्क माफीच्या जागा. प्रत्येक अभ्यासक्रमाला मंजूर जागांवर ५ टक्के जास्तीच्या जागा असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. अर्ज भरताना ही पसंती नोंदवावी लागते आणि अशी जागा घेतल्यावर कॉलेज वा शाखा बदलता येत नाही.

दोन, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि मागासवर्गीयांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या. मुलींसाठी तर फारच मोठी सोय झाली आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत शासनाने दिली आहे. प्रवेश मात्र सामायिक फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. "पोरीला एवढं शिकवून काय करायचं" म्हणणाऱ्यांनी निदान फीचे कारण आता पुढे करू नये.

तीन, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. तिचा लाभ अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनाही मिळतो. अल्पभूधारक म्हणून अर्ज करायचा तर अल्पभूधारक दाखला लागतो. हे सर्व अर्ज महाडीबीटी या शासकीय प्रणालीवर भरायचे असतात आणि दरवर्षी पुन्हा करायचे असतात.

चार, शैक्षणिक कर्ज. केंद्राच्या हमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देता येते. बँकेत गेल्यावर साहेबांनी सातबारा मागितला तर या योजनेचे नाव घ्या, शांतपणे विचारा.

फसू नका

शहरातल्या मोठ्या पाट्या वाचून पोरे भुलतात. "सहा महिन्यांत नेटवर्क इंजिनिअर" ही पदवी नव्हे. सिस्को कंपनीची सीसीएनए यासारखी प्रमाणपत्रे कामाची आहेत, नोकरीला उपयोगी पडतात, पण ती पदवीच्या जोडीला. पदवीची अट असलेल्या जागेवर ती चालत नाहीत. तसेच टपालाने किंवा घरबसल्या अभियांत्रिकीची पदवी देणाऱ्यांपासून दूर राहा. पत्राने शिकवून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कडक निकाल दिला आणि अनेकांच्या पदव्या अडचणीत आल्या.

कॉलेजात पाय ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा. एआयसीटीईची मान्यता आहे का? संलग्नता कोणत्या विद्यापीठाची? शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी किती? त्याहून जास्त पैसे "डोनेशन" म्हणून कुणी मागत असेल तर ते बेकायदा आहे. कॅपिटेशन फीला आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

आता काय करायचे

पदवी झाली म्हणजे नोकरी दारात उभी, असे आम्ही म्हणणार नाही. चार वर्षे नुसती काढणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण ज्याला गणित समजले आणि ज्याने हाताने तार जोडून पाहिली, त्याला आपल्या जिल्ह्यातही काम आहे आणि बाहेरही.

घरात दहावीचे लेकरू असेल तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. गणित आवडते का विचारा. अवघड जात असेल तर सोडायला सांगू नका, शिकवणारा शोधा. अकरावीचा अर्ज भरताना विषयांच्या रकान्यावर स्वतः बोट ठेवून बघा, गणित आहे ना. सरपंच मंडळींनी पुढच्या ग्रामसभेत दहावी-अकरावीच्या पालकांना बोलवावे. लागणाऱ्या दाखल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि तलाठी व ग्रामसेवक यांनी शाळेतच एक दिवस बसून अर्ज घ्यावेत. तारखा आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षाची माहिती पुस्तिका तालुक्याच्या सुविधा केंद्रावर जाऊन वाचावी.

पेरणी मृगात करायची की आर्द्रात, हे आपण आभाळ बघून ठरवतो. पोराच्या शिक्षणाची पेरणी अकरावीच्या अर्जातच होते. तो वाफसा गेला, की मग कितीही पाणी दिले तरी हंगाम हाती येत नाही.